आबांची खांड

आमच्या सोसायटीमागच्या गटाराच्या जाळीत यंदाही तिवराच्या बिया येऊन अडकल्या आहेत. श्रावण संपत आला की खाडीकाठच्या तिवरांना पावट्याहून थोड्या मोठ्या, चपट्या, हिरवट राखाडी बिया लागतात. त्या पाण्यात पडल्या की साल सुटते, आतून दोन जाड पानं उघडतात आणि भरती नेईल तिकडे त्या जातात. एवढ्या मोठ्या खाडीत त्यांना कामोठ्याचं गटारच का सापडावं, हे त्यांनाच ठाऊक. सफाईवाला त्या थर्माकोल आणि वेफर्सच्या पाकिटांबरोबर झाडून काढतो. परवा शेजारच्या सबनीस वहिनी एक बी बोटांत धरून म्हणाल्या, "अहो, ही कसली शेंग? भाजी होते का हिची?"

"होत नाही," मी म्हटलं. "जंगल होतं."

त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला असावा.

मी सातव्या मजल्यावर राहते. गॅलरीतून आधी दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, त्यापलीकडे खाडी, आणि खाडीच्या अलीकडे तिवरांचा गडद हिरवा पट्टा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या पट्ट्याची वर्षातून दोनदा आठवण निघते. एकदा डास वाढले म्हणून, आणि एकदा कुणीतरी फ्लॅट विकायला काढतो आणि 'क्रीक व्ह्यू' नीट दिसत नाही म्हणून. मी त्या चर्चेत पडत नाही. एकदा पडले होते, तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारलं की तुम्ही कुठल्या एनजीओत आहात. मी बँकेत होते, आता निवृत्त आहे, आणि माझं माहेर त्या पट्ट्याला लागून आहे, रिक्षावाला तोंड वाकडं करेल इतक्या जवळ. हे सगळं ग्रुपवर कोण लिहीत बसणार?

बिया दिसल्या की मला तो एक पावसाळा आठवतो. तसा फार जुना नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि कानाने अधू, पायाने ठणठणीत होते.

पण त्याआधी बांधाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल.

आमची शेतं खारीची. समुद्राच्या पातळीत जमीन, मध्ये मातीचा बांध. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात. बांध आमच्या कुणा पूर्वजांनी घातला, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीने तो फक्त राखला. उधाणाच्या भरतीला बांध कुठेतरी ढासळायचा, पाणी आत घुसायचं. त्या भगदाडाला खांड म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं पीक गेलंच, पुढच्या दोनतीन वर्षांचंही गेलं. म्हणून गावात एक रीत होती. बांधावरून कुणी "खांड गेली!" अशी हाक मारली की घरटी एक माणूस फावडं, घमेलं, पेंढा, जे हाताला लागेल ते घेऊन धावायचा. शेत कुणाचं आहे, त्याच्याशी आपलं बोलणं आहे की नाही, हे विचारायचं नाही. आधी माती टाकायची, मग भांडायचं. ज्याचं शेत असेल त्याने पहिलं ढेकूळ टाकायचं आणि पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची.

खांड ज्याच्या शेतात पडे त्याचं नाव तिला कायमचं चिकटे. धर्माची खांड, विठूची खांड. हे नाव कौतुकाचं नव्हतं. आणि कुणी रागाच्या भरात दुसऱ्याचा बांध स्वतःच्या हाताने फोडला, तर त्या घरचं पाणी कुणी पीत नसे. चोरी, मारामारी, पळून जाऊन लग्न, गाव हळूहळू सगळं पोटात घालायचं. बांध फोडणं नाही.

आम्हा मुलींचं काम बांधावर उभं राहून पाणी पाजायचं. मी एकदा घमेलं उचललं तेव्हा चुलत्याने ते काढून घेतलं. "तुमच्या घरचा मानूस आलाय ना? मंग तू कनाला?" आमच्या घरचा माणूस म्हणजे आबा. मला भाऊ नाही, त्यामुळे आमच्या घरचा माणूस पुढेही आबाच राहिले, वाढत्या वयातसुद्धा.

पुढे शहर आलं. जमिनी सरकारने घेतल्या, गावातले लोक शेतकऱ्यांचे व्यापारी झाले, व्यापाऱ्यांचे बिल्डर झाले. माझा चुलतभाऊ मधू रेती-विटांचा पुरवठा करतो, त्याच्या दारात तीन डंपर आणि एक पांढरी गाडी उभी असते. बांधाकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही. आमचं शेत शहरासाठी घेतलं होतं, पण ते इतकं सखल की शहराला ते नको झालं आणि बरीच वर्षं ते कुणाचंच नव्हतं. बांध मात्र उभा होता. पाणी आतबाहेर करायची जुनी उघाडी बांधकामांच्या डेब्रिजने बुजली. आत धड खारं नाही, धड गोडं नाही, असं हिरवट पाणी साचून राही. उन्हाळ्यात जमीन पांढरी पडून तडकायची. एका कोपऱ्यात आपोआप उगवलेली तिवरं होती, तीही उभ्याउभ्या वाळून काटक्या झाली. आबा त्या बाजूला जाणं टाळत. देवळात जायचं तर लांबच्या रस्त्याने जायचे.

मग ती जमीन वनखात्याकडे गेली आणि मोहुर्ले मॅडम आल्या.

मॅडम वनपाल. गडचिरोलीकडच्या, साग-बांबूच्या जंगलात वाढलेल्या. पहिल्या दिवशी गुडघाभर चिखलात त्यांचा एक गमबूट रुतला तो रुतलाच. एका पायात बूट, एका पायात चिखल अशा त्या आमच्या ओट्यावर पाणी मागायला आल्या. आबांनी विचारलं, "कंची तुमी?" त्यांनी गाव सांगितलं. आबांना ते कळलं नाही, पण त्या सरकारी आहेत हे कळलं, आणि ते लगेच आत निघून गेले. सरकारी माणसांशी त्यांचं एवढंच नातं उरलं होतं.

मॅडम मात्र चिकट. वरच्या साहेबांनी त्या जागेवर आदल्या वर्षी रोपं लावली होती, फलकही लावला होता. फलक टिकला, रोपं वाळली. मॅडमना नकाशा घेऊन फिरताना कळलं की दोष रोपांचा नाही. बांध मध्ये असल्याने भरती आत येत नाही आणि साचलेलं पाणी बाहेर जात नाही. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, ओहोटीला पाणी हटलं की श्वास घेतात. पाणी हटलंच नाही तर गुदमरतात. हे त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा आबा दाराआड उभे राहून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "म्हनजे नुसती भरती नाय, ओट पन पायजे."

"हो जी, तेच," मॅडम म्हणाल्या.

तिथून त्यांचं जमलं. आबांना एकच कोडं होतं, सरकारला चिखलाची एवढी ओढ कशाला. मॅडमनी सांगितलं की हवेतला कार्बन ही झाडं ओढून घेतात, आणि पानं-मुळं मेली तरी या चिखलात हवा नसल्याने लवकर कुजत नाहीत, सगळं आत दाबून राहतं. डोंगरातल्या जंगलापेक्षा हे काम इथला चिखल चांगलं करतो. आबांनी ते लगेच मानलं. बांध दुरुस्त करताना त्यांच्या आज्याच्या वेळची उघाडीची फळी त्यांना चिखलात अखंड सापडली होती, बाहेर काढून ठेवली ती मात्र दोन पावसाळ्यांत कुजून गेली. "म्हनजे गाडीवाले धूर सोडनार न आमचा चिखल तो गिळनार," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चांगला हाय. मधूला सांग, त्याचे डंपर लय धूर सोडतान."

गावदेवीच्या सभामंडपात बैठक झाली. मॅडमनी सांगितलं, बांधाला एका ठिकाणी मोकळं करायचं आहे. जागा आमच्या जुन्या शेताची. सगळे आबांकडे बघू लागले. कायद्याने त्यांना विचारायची गरज नव्हती, सातबाऱ्यावरून आमचं नाव कधीच गेलं होतं. पण मॅडमनी विचारलं, आणि आबा म्हणाले, "भात तं आता व्हनार नाय. निदान कायतरी जिता राहूदे तिथं. फोडा."

मला तेव्हा अभिमान वाटला, आणि थोडी धास्तीही. कारण मे महिन्यात ज्या दिवशी पोकलेन येऊन बांध कापणार होता, त्या दिवशी आबा नेऱ्याला भाच्याकडे निघून गेले. काही काम नव्हतं. दोन दिवस डोंगराकडे तोंड करून बसले आणि काप पूर्ण झाल्याचं कळल्यावर परत आले.

आषाढात रोपं लावली. गावातल्या बायकांनी खाडीतून वेचलेल्या बियांची पिशव्यांत वाढवलेली ती रोपं, गुडघ्याएवढी. भरती त्या कापातून हळूच आत येई, पसरे, आणि ओहोटीला मुकाट बाहेर जाई. आबा रोज जायला लागले. लांबचा रस्ता सुटला. संध्याकाळी फोनवर मला बातम्या मिळत. निवट्या आल्यात, ते मासे चिखलावर उड्या मारतात. चिंबोऱ्यांनी बिळं केली. एक बगळा रोज त्याच जागी उभा असतो. आबांचा आवाज बदलला होता. मला वाटतं, त्या दोन महिन्यांत ते पुन्हा शेतकरी झाले होते.

आणि मग पिठोरी अमावास्येचं उधाण आलं. आदल्या रात्रभर पाऊस होता. मी पिठोरीला माहेरी गेले होते, स्वयंपाकघरात पुरणाचं चाललं होतं, आणि भर दुपारी बांधाकडून हाक आली.

"खांड गेलीऽऽ!"

आवाज आबांचाच होता. कापाच्या दोन्ही बाजू उधाणाने ढासळल्या होत्या आणि पाणी गर्जत आत चाललं होतं. पंचवीसएक वर्षांत ती हाक गावाने ऐकली नव्हती. पण जित्याची खोड म्हणतात ती हीच. ताटावरून माणसं उठली. बिल्डर उठले, रिक्षावाले उठले, ट्यूशन क्लासवाला नाना खडू टाकून धावला. मधू बर्मुडावर, गळ्यात सोन्याची साखळी, हातात मुलाच्या खेळण्यातलं म्हणावं असं नवंकोरं फावडं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही खांड आपणच, ठराव करून, सरकारकडून पाडून घेतली आहे. खरं सांगायचं तर माझ्याही नाही आलं. मी पाण्याची कळशी घेऊन धावले.

भरती उतरायला लागली तसं काम सुरू झालं. बांबू ठोकले, पेंढा घातला, डंपर बांधावर जाईना म्हणून मातीच्या गोण्या हातोहात पुढे गेल्या. पहिलं ढेकूळ आबांनी टाकलं. दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन सख्खे भाऊ एकाच गोणीची दोन टोकं धरून होते. मधूची साखळी चिखलात पडली आणि सापडलीही. दिवस मावळायला खांड बुजली. सगळे चिखलाने माखून बांधावर बसले, घराघरांतून भजी आली, कुणीतरी जुनं गाणं म्हटलं. गाव इतकं आनंदी मी त्याआधी कधी पाहिलं ते मला आठवत नाही. त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बुजवलेल्या खांडीवरच्या गोण्या पायाने चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग विचारलं, "काहून बुजवलं?"

तेव्हा कुठे लख्ख उजाडलं. मधू मोबाइलमध्ये बघू लागला. आबा पुढे झाले. "मना म्हाईत व्हता, मॅडम. मीच व्हय म्हनलो व्हतो. पन पानी आत घुसताना बगला, न तोंडातून निंगालाच."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त आत बोट दाखवलं. गावाचं आणि शहरातल्या सेक्टरांचं पावसाचं पाणी उतरून आत तुंबलं होतं, त्याला बाहेर जायला वाट नव्हती. रोपांचे फक्त शेंडे दिसत होते. आठवडाभर असंच राहिलं तर सगळी कुजतील, त्या म्हणाल्या. पोकलेन या चिखलात पावसाळाभर येणार नाही. आणि सलग दुसऱ्या वर्षी रोपं मेली तर वरून ही जागा सोडून द्यायला सांगतील, दुसरीकडे लागवड करतील. "मी काय करू, तुम्हीच सांगा आजोबा. जागा सोडली की इथं डेब्रिज पडायला किती दिवस लागतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय."

उपाय एकच होता, हातांनी खणायचं. पण गणपती तोंडावर. कुणाचं मखर अर्धं, कुणाच्या घरचा रंग ओला. "गणपती जाऊंदे, मंग बगू," असं ज्याने त्याने म्हटलं आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण मखर नव्हतं. पोकलेन परका, त्याचा चालक परका, त्याने कापलं ते कापलं. स्वतःच्या हाताने बांधावर फावडं घालायचं म्हणजे ज्या घरचं पाणी कुणी पीत नाही तो माणूस व्हायचं. हातोहात गोण्या पुढे देणारं ते गाव दोन दिवस एकमेकांची नजर चुकवत फिरत होतं. आबा ओट्यावर बसून होते. 

हरतालिकेच्या सकाळी मी उठले तर ओट्यावर आबा नव्हते आणि कोपऱ्यातलं फावडंही नव्हतं. मी सवयीने कळशी घेऊन धावत गेले. ओहोटी होती. आबा बुजवलेल्या खांडीवर उभे होते, आणि सात-आठ माणसं लांब देवळाच्या पारावर उभी राहून बघत होती. मधूही होता. कुणी पुढे येत नव्हतं, कुणी घरीही जात नव्हतं.

आबांनी पाराकडे तोंड केलं. कानाने अधू माणूस बोलतो तसं मोठ्याने बोलले. "बांद माज्या बापाचा. शेत माजा व्हता. पयला ढेकूल मीच टाकला, तं मीच काडतंय. ज्याला माज्या घरचा पानी नको, त्यानं नका पिऊ."

आणि फावडं घातलं.

ओली माती फावड्याला चिकटून बसली, सुटेना. त्यांनी ती हाताने ओढून काढली आणि बाजूला फेकली. दुसरं फावडं घालताना त्यांचा तोल गेला, मी कळशी खाली ठेवून दंड धरला. ते रडत होते. मी त्यांना त्याआधी फक्त आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं. मला फावडं घ्यायचं होतं, पण त्यांनी दिलं नाही.

मग पाठीमागे चिखलात पाय वाजले. मधू आला होता. त्याने आधी माझ्या पायाशी ठेवलेली कळशी घेतली, ओंजळीने घटाघट पाणी प्याला, आणि गोण्या उपसायला लागला. त्याच्यामागे नाना आला. तोही आधी पाणी प्याला. एकेक जण यायचा, आमच्या घरचं पाणी प्यायचा आणि खणायला लागायचा. तहान कुणालाच लागली नव्हती, सकाळचे गार वारे होते. दुपारच्या भरतीच्या आत वाट मोकळी झाली. आतलं तुंबलेलं पाणी आधी बाहेर धावलं, मग काही वेळ दोन्हीकडचं पाणी अडून राहिलं, आणि मग भरती सावकाश आत गेली. मॅडमना फोटो कुणीतरी आधीच पाठवला होता. त्या आल्या तेव्हा सगळे घरी मखरं लावायला गेले होते.

खूप रोपं मेली, ते लपवण्यात अर्थ नाही. पण जी उरली ती धरली, आणि पुढच्या श्रावणात खाडीने आपल्या बिया आपणच आणून टाकल्या. आता तिथे माझ्या डोक्याच्या वर गेलेली तिवरं आहेत. सरकारी फलकावर त्या जागेला क्रमांक आहे. गावात तिला आबांची खांड म्हणतात. आबांना ते नाव हयातीतच ऐकायला मिळालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जरा दचकले, मग म्हणाले, "चालंल."

आबा जाऊन आता दोन पावसाळे झाले. मॅडमची बदली झाली, त्या पुन्हा त्यांच्या सागाच्या जंगलात गेल्या. खांडीत मात्र दर वर्षी गाळ बसतो, शहरातलं थर्माकोल येऊन अडकतं, आणि उधाणाआधी ती मोकळी करावी लागते. आमच्या गावाला रीत एकच येते, त्यामुळे त्यासाठीही तीच वापरली. घरटी एक माणूस. फक्त हाक बदलली आहे. "खांड भरलीऽऽ" अशी ओरड होते, आणि ती हल्ली मधू व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.

काल त्याचा फोन आला. पिठोरी चार दिवसांवर आहे, रविवारी सकाळी ओहोटीला जमायचं ठरलं आहे. तो घरं मोजत होता. आमच्या घरापाशी येऊन अडखळला. गेल्या वर्षी त्याने आमचं घर मोजलंच नव्हतं.

"तुमच्या घरातून कोन धरू गं, ताय?"

मी गॅलरीत उभी होते. टाक्यांपलीकडे भरती चढत होती, आणि तिवरांची खोडं पाण्यात गेली होती.

"मी येते," मी म्हटलं. "आबांचं फावडं ओट्यावर आहे ना, ते कुणाला देऊ नकोस."